सेन्सर आणि ग्लुकोमीटरचे आकडे जुळत का नाहीत

कुणीतरी विचारलंय की मधुमेहींच्या दंडावर चिकटवलेला, सतत साखर मोजणारा सेन्सर १४२ दाखवतो, त्याच क्षणी बोट टोचलं तर १६५ येते, मग सेन्सर खोटा का? नाही. ग्लुकोमीटर, म्हणजे बोट टोचून तपासायचं यंत्र, थेट रक्तातली साखर मोजतो. सेन्सरची केसासारखी बारीक तार कातडीखाली, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजते आणि ब्लूटूथने मोबाइलला कळवते. रक्तातला बदल त्या द्रवात दिसायला ५ ते १५ मिनिटं लागतात, म्हणून जेवणानंतर साखर चढत असताना सेन्सर मागेच राहतो. पडताळायचंच असेल तर उपाशीपोटी, साखर स्थिर असताना पडताळा.

आणखी एक. माझ्या आईच्या सेन्सरने रात्री अडीच वाजता साखर ५४ पर्यंत, म्हणजे फारच खाली, उतरल्याचा अलार्म दिला. मी साखरेचं पाणी घेऊन धावलो. ती नेमकी त्याच दंडावर कुशीला झोपली होती. बोट टोचलं तर ११८! सेन्सरवर दाब पडला की आकडा उगाच खाली जातो. पण म्हणून अलार्म बंद करू नका, कृपा करून. बोट टोचून खात्री करा, आणि घाम किंवा थरथर असेल तर आधी साखर द्या. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर झोपेत खरोखरच उतरते, आणि कित्येकदा त्यांना जागही येत नाही.