मदत हवी आहे: बिंदू उलटे घेतले तर रेषेच्या चढाचं चिन्ह का बदलत नाही?

खानापूरकर_मामा:
नमस्कार मंडळी, भाचा यंदा पीयूसी फर्स्ट इयर (अकरावी) सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम आणि आता सगळं इंग्लिशमधनं, त्यामुळं संध्याकाळी वही घेऊन दुकानात येतोय आणि माझं डोकं खाऊलाय. बिंदू (−२, ३) आणि (४, −९), स्लोप, म्हणजे रेषेचा चढ, काढा. वायमधला फरक भागिले एक्समधला फरक, एवढं मला येतंय. −९ मधनं ३ गेले −१२, ४ मधनं −२ गेले ६, उत्तर −२. पण ह्याचं म्हणणं, मामा, घाटावरच्या कॅसलरॉकहून गोव्याकडं रेल्वेगाडी निघाली की उतार आणि घाटाखालच्या कुळ्याहून वर आली की चढ, मग दुसऱ्या बिंदूकडनं सुरुवात केली तर +२ यायला पाहिजे की! आणि तसं आणूनपण दाखवलं, वर ३ वजा −९ म्हणजे १२, खाली ४ वजा −२ म्हणजे ६. काय सांगू ह्याला?

निपाणी_मॅथ्स:
मामा, पोरगं डोकं चालवतंय, रागावू नका. वर दुसऱ्या बिंदूकडनं सुरुवात केली तर खालीपण तिथनंच करायची. त्यानं वर एक क्रम धरला आणि खाली दुसरा. नीट केलं तर वर १२, खाली −२ वजा ४ म्हणजे −६, परत −२च.
आता गाडी. कुळ्याहून येताना ती वर चढते हे खरं, पण आडवीपण उलट्या दिशेनं जाते की, ते तो धरतच नाही. दोन्ही चिन्हं बदलली की भागाकार तोच राहतो. त्या घाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर आडवं गेल्यावर १ मीटर वर, साधारण ०.०२७ (एवढ्याशासाठी जादा इंजिनं जोडायला लागतात बघा). नकाशासारखं पूर्व उजवीकडं धरा, कुळे डावीकडं खाली, कॅसलरॉक उजवीकडं वर, डावीकडनं उजवीकडं वाचलं की रेषा चढतेय म्हणून उत्तर धन. गाडी कुठनंपण सुटू दे.

खानापूरकर_मामा:
पटलं त्याला, थँक्यू मॅडम. आता म्हणतोय (५, १) आणि (५, ७) घेतलं तर कॅल्क्युलेटर एरर दाखवतोय, शून्य लिहू काय?

निपाणी_मॅथ्स:
नको नको, शून्य चढ आडव्या रेषेचा. ही उभी रेषा, खाली ५ वजा ५ शून्य आलं, शून्यानं भागता येत नाही. पेपरात सरळ ‘नॉट डिफाइन्ड’ लिहायला सांगा.