अनुभव धागा: आश्विनातलं इंद्रधनुष्य कोणत्या जागेवर उभं राहतं? तलाव, वेळ, दिशा आणि गावातली नावं

हलका धान पिवळा पडायला लागला की झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, परतीच्या सरी सुरू होतात, आणि तलावाच्या पाळीवरचं (बांधावरचं) कोणी ना कोणी सांगतं, "आज आखरावर निघालं", "काल रिठावर होतं". आखर म्हणजे गुरं गोळा होतात ती जागा, रीठ म्हणजे उजाड झालेलं जुनं गावठाण. या धाग्यात तेच हवं आहे. तुमच्या तलावावर धनुष्य कुठून, किती वाजता आणि कोणत्या जागेवर दिसतं, ते गावात चालणाऱ्या नावांसकट लिहा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, सगळीकडचं चालेल. लहानशी बोडी असो की इटियाडोहसारखं मोठं धरण. "काय सुंदर दिसलं!" एवढंच असेल तर राहू द्या.

पाळीवरचा

आधी वेळ. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून वर असेल तर सपाट जमिनीवरून पावसातलं धनुष्य दिसूच शकत नाही. घड्याळ नको, सावली पाहा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा साधारण दहाव्या हिश्शाने लांब झाली की वेळ सुरू झाली. साडेपाच फुटांच्या माणसाची सावली सहा फुटांच्या थोडी वर हवी.

नवेगावबांधच्या आसपास ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ही वेळ दुपारी पावणेतीनच्या सुमारास येते. सकाळी सव्वानऊपर्यंत पश्चिमेला दिसू शकतं. जूनअखेर मात्र दुपारचे पावणेचार होतात आणि नोव्हेंबर लागताना दोनच्या थोडं पुढे. धान रोवण्याच्या दिवसांत तीन वाजता ऊन-पाऊस असूनही धनुष्य का नव्हतं, याचं उत्तर इथे आहे.

कुठे पाहायचं? सूर्याकडे पाठ करा. डोक्याची सावली पडते तो मध्य. हात लांब करून बोटं ताणली तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीत साधारण २० अंश भरते. मध्यापासून दोन वितींवर धनुष्य, अडीच वितींवर दुसरं, फिकं.

धुरा-बांधी

पाळीवरचे भाऊ, वेळ बरोबर. पण "आखरावर निघालं" ही नोंद अर्धवट आहे. धनुष्याला स्वतःची जागा नसते, पाहणारा सरकला की तेही सरकतं. सलंगाजवळ (तलावाच्या सांडव्याजवळ) उभ्या असलेल्याला धनुष्याचा पाय, म्हणजे जमिनीला टेकलेलं टोक, आखरावर दिसेल, तर तुडुमाजवळच्याला (पाणी सोडायच्या दाराजवळच्याला) त्याच मिनिटाला आंबराईवर. दोघंही खरंच सांगतात. म्हणून पहिल्यांदा उभं राहण्याची जागा लिहायची, मग पाय कुठे दिसला ते.

एकदा जागा पक्की केली, म्हणजे दरवेळी सलंगाच्या भिंतीच्या त्याच टोकावर उभं राहायचं ठरवलं, की गावातली नावं पंचांगासारखी वाचता येतात. मावळतीला धनुष्याचा मध्य सूर्याच्या बरोबर समोर असतो. जूनअखेर आपल्याकडे सूर्य पश्चिमेच्या २५ अंश उत्तरेला मावळतो, म्हणून मध्य पूर्वेच्या २५ अंश दक्षिणेला जातो. एक पाय पूर्वेच्या जरा उत्तरेला, दुसरा दक्षिणेकडे कललेला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मध्य पूर्वेच्या सहा अंश उत्तरेला येतो आणि पाय साधारण ईशान्य व आग्नेयेला. म्हणजे आषाढात ज्या रिठावर धनुष्याचा मध्य होता, त्याच रिठाच्या आसपास आश्विनात उजवा पाय टेकतो. पायांची ही जागा सूर्य टेकतानाची आहे. साडेचारला पाय थोडे जवळ असतात आणि अख्खी कमान काही अंश उत्तरेकडे सरकलेली असते. तेव्हा माथा क्षितिजापासून २४ अंशांच्या आसपास, वितीहून थोडा वर. म्हणून नोंदीत वेळ पाहिजेच.

दिशेसाठी मोबाइलचं होकायंत्र चालतं. फक्त लोखंडी गेट, मोटारसायकल आणि चुंबकाचं कव्हर यांपासून दूर व्हा, नाहीतर काटा भलतीकडे जातो. मापाआधी फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवून घ्या. त्याहून सोपं, सावलीच्या रेषेत काठी ठेवा आणि काठीच्या टोकासमोर कोणती जागा येते ते लिहा.

निस्तार

नावं गोळा करताना एकाच माणसाला विचारून थांबू नये. एकाच कोपऱ्याला ढीवर (मासेमारी करणारे) पाण्याच्या खोलीवरून एक नाव देतात, गुराखी झाडावरून दुसरं, आणि पाणकर (शेतांना पाणी वाटणारा) तिथल्या बांध्यांवरून, म्हणजे धानाच्या शेतांवरून, तिसरं. तिन्ही लिहा, कोणाचं कोणतं तेही लिहा. "बरोबर कोणतं" हा वाद घालू नका. मातामाय (गावदेवीची जागा), मसनवट, पांदण, आखर, रीठ अशी नावं जवळपास प्रत्येक गावात असतात, त्यामुळे गावाचं नाव जोडल्याशिवाय नोंद पुढे कामाची राहत नाही.

कागद कुठे पाहायचे? पटवाऱ्याकडचा गावनकाशा तर आहेच, पण निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज आवर्जून मागा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम १६१ आणि १६५ यांत ही दोन्ही आहेत. पहिल्यात चराई, लाकूडफाटा, मसनवट, वाटा. दुसऱ्यात पाणी, वहिवाट आणि मासेमारीच्या रूढी. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, १९५१ साली गेली, तलाव 'माजी मालगुजारी' म्हणून 'मामा' झाले, पण पाण्याभोवतीच्या जागा या कागदांत सापडण्याची शक्यता जास्त.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० नकाशा टोले (लहान वस्त्या) आणि बोड्या शोधायला चांगला. मात्र नावं रोमन लिपीतून परत देवनागरीत आणताना ड-द आणि ट-त यांची अदलाबदल होते. गावात उच्चार ऐकून मगच लिहा. आणि मोठी नावं गृहीत धरू नका. नवेगावबांध, सिरेगावबांध, शिवनीबांध यांत बांध उघड दिसतो, पण लहान टोल्यांच्या नावांची फोड घरी बसून करण्यात अर्थ नाही.

शिंगाडा

तलावाची गंमत अजून कोणी लिहिली नाही. पाळ तलावाच्या पूर्वेला असेल, म्हणजे संध्याकाळी पाठीशी पाणी आणि समोर बांध्या, तर वारा पडल्यावर एक जास्तीचं धनुष्य दिसू शकतं. पाण्यावरून परतलेल्या उन्हाचं. ते मूळ धनुष्याच्या पायातूनच निघतं, पण जास्त सरळ वर चढतं. सूर्य २० अंशांवर असताना मूळ कमानीचा माथा २२ अंशांवर, याचा ६२ वर. पूर्ण कमान क्वचितच. बहुतेक वेळा पायाजवळचा तुकडा दिसतो, आणि लोक त्याला दुसरं धनुष्य म्हणून मोकळे होतात.

फरक असा. दुसरं धनुष्य मूळ धनुष्याला कुठेच शिवत नाही, बाहेरून जातं आणि त्यात तांबडा आत असतो. दोघांमधलं आभाळ काळपट दिसतं. पाण्याच्या उन्हाचं मात्र क्षितिजाशी मूळ धनुष्याला चिकटलेलं असतं आणि रंगांचा क्रम तोच, तांबडा बाहेर.

सूर्य खाली गेला की पाणी जास्त ऊन परत फेकतं, म्हणून ऑक्टोबरात साडेचार ते साडेपाच ही वेळ धरा. शिंगाडा, कमळ किंवा बेशरम माजलेल्या तलावात नाद सोडा, मोकळं पाणी लागतं. बोडीवर सहसा जमत नाही, पाणी थोडं पडतं. बोदलकसा, चोरखमारा यांसारखी मोठी पाणी बरी.

कडपा

शेतकऱ्याच्या कामाचं थोडं. दुपारी धनुष्य पूर्वेला, म्हणजे पाऊसही पूर्वेला. एवढ्यावरून "सर गेली" म्हणू नका. ढग पश्चिमेकडून येऊन पुढे सरकला असेल तर सर गेली. पूर्वेकडून येत असेल तर अजून यायची आहे. जमिनीवरचा वारा फसवतो. ढगाची वरची कड एखाद्या झाडाच्या शेंड्याशी लावून पाच मिनिटं पाहा, ती कुठे सरकते ते कळतं. कडपा (कापून वाळत टाकलेला धान) बांधीत पडून असेल आणि ढग येताना दिसला तर वाळलेला तेवढा आधी उचला. भिजलेला कडपा उलटला नाही तर खालच्या लोंब्यांना कोंब फुटतात.

आणि वीज. पाळ ही आजूबाजूच्या बांध्यांपेक्षा उंच आणि उघडी असते. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल तर पाळीवरून उतरून पक्क्या घरात जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. एकट्या मोहाखाली थांबणं सगळ्यात वाईट.

पाळीवरचा

@शिंगाडा, हे चांगलं दिलंत. त्यात एक भर: कार्तिकात पाऊस संपला तरी धनुष्य संपत नाही. सकाळी तलावावर धुकं असताना सूर्य पाठीशी घ्या, पांढरी रुंद कमान दिसते. थेंब फार बारीक असल्याने रंग एकमेकांत मिसळतात. धुकं डोळ्यासमोर पातळ आणि मागे ऊन मोकळं हवं. दाट धुक्यात काही मिळत नाही. कापणी झालेल्या बांधीत कोळ्याच्या जाळ्यांवर दव असेल तर जमिनीवर आडवं पसरलेलं रंगीत धनुष्य सापडतं. तेही डोक्याच्या सावलीपासून दोन वितींवरच.

तुडूम

फोटोबद्दल. सूर्य टेकताना कमान ८४ अंश रुंद असते. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सला आडवा धरूनही साधारण ७० अंशच मिळतात, म्हणून वाइड लेन्स घ्या. ती नसेल तर एक पाय आणि त्याखालची ओळखीची जागा घ्या. नोंदीला तेच जास्त उपयोगी. पोलरॉइड गॉगल काढून ठेवा. त्यातून कमानीचा माथा पुसल्यासारखा होतो आणि नुसते पाय उरतात.