विषय: सेव्ह कायद्याला विरोधाचं पत्र – सह्या पाठवा

प्रेषक: सचिव
नमस्कार मंडळी,
अमेरिकेतल्या आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकरांच्या ईमेल यादीवर राजकारण नको, हे ठाऊक असून लिहितेय. सेव्ह कायद्याचं विधेयक १० एप्रिल २०२५ ला अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात २२० विरुद्ध २०८ मतांनी पास झालं, मग सिनेटपुढे गेलं. त्यानुसार मतदार म्हणून नाव नोंदवायला नागरिकत्वाचा कागद लागेल. अर्ज टपालाने केला तरी कागद घेऊन कचेरीत स्वतः जायचं. आपल्या मंडळाला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, पण विधेयकावर मर्यादेत बोलता येतं. मसुदा जोडलाय.

प्रेषक: टिळकवाडीचे काका
मी सध्या बेळगावातच आहे. इथं सगळे मतदार कार्ड दाखवूनच मत देतात की! तिकडं कागद मागितला तर बिघडलं काय? माझी सही नको.

प्रेषक: शहापूरची वैनी
काका, मीही माहेरी आलेय, म्हणून विचारते. आमच्या आईचं नाव मतदार यादीत घालायला अंगणवाडीची बाई घरी आली होती. कार्ड फुकट. मत देताना ते सापडलं नाही तर आधार, पॅन, फोटोचं पासबुक, काहीही चालतं. अमेरिकेत नाव नोंदवायची जबाबदारी ज्याची त्याची. त्यात साधं लायसन्स या कायद्याला पुरणार नाही, कारण त्यावर नागरिकत्व लिहिलेलं नसतं. पासपोर्ट काढा म्हणे. नवीन काढायला १६५ डॉलर!
आणि आपल्या पोरींचं काय? तिकडं जन्मलेल्या माझ्या लेकीचा जन्मदाखला माहेरच्या नावाचा, लायसन्स सासरच्या. माझ्या नागरिकत्वाच्या दाखल्यावर यांचं नाव मधे आहे, लायसन्सवाल्यानं ते गाळलंय. असा फरक असला तर काय करायचं, ते विधेयकानं राज्यांवर सोडलंय. म्हणजे खिडकीमागच्या माणसाच्या मर्जीवर.
अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यानं २०१३ पासून हेच करून बघितलं. ३१,००० हून जास्त अर्ज अडकले. मतदार यादीत शिरलेले परके नागरिक कोर्टात किती निघाले? १९ वर्षांत फार तर ३९. २०१८ मध्ये कोर्टानं कायदा रद्द केला.

प्रेषक: टिळकवाडीचे काका
३९ चा आकडा मला माहीत नव्हता. तरी कागद मागूच नये, हे मला आजही पटत नाही. पण १९९६ आठवलं. सीमाप्रश्नासाठी आपल्या लोकांनी लोकसभेला ढिगानं अर्ज भरले, बेळगावात ४५६ उमेदवार! तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंड्यातही असेच शेकडो उमेदवार उभे होते. मग दिल्लीनं अनामत ५०० वरून थेट १०,००० केली, अपक्षाला दहा सूचक लावले. कारण दिलं शिस्तीचं. दार बंद झालं ते खिसा हलका असणाऱ्याला. तेव्हा मी याच टिळकवाडीत कट्ट्यावर बसून शिव्या घातल्यात.
सही घाला. पण मसुद्यात एक वाक्य वाढवा: कागद मागायचाच असेल तर सरकारनं तो फुकट आणि घरपोच द्यावा. ते वाक्य नसेल तर माझं नाव काढा.

प्रेषक: सचिव
वाढवलं, दुसऱ्या परिच्छेदात. वैनी, लेकीच्या कागदांचं उदाहरण नाव न देता पत्रात घेऊ का? शुक्रवारपर्यंत कळवा.