सत्यनारायणाला अन्यधर्मीय शेजारी येणार आहेत, प्रसादाचं आणि जेवणाचं कसं करावं?

नव्या घरात संध्याकाळी पूजा आणि नंतर पंचवीसेक माणसांचं जेवण आहे. त्यात एक मुस्लिम, एक ख्रिस्ती आणि एक जैन कुटुंब आहे. स्वयंपाक शाकाहारीच आहे. पण प्रसाद हातावर ठेवावा का, कुंकू लावावं का? नाही दिलं तर वगळल्यासारखं वाटेल, दिलं तर त्यांची अडचण होईल.

प्रतिसाद १
नुसतं शाकाहारी असून भागत नाही. अल्लाहखेरीज दुसऱ्या कुणाच्या नावाने अर्पण केलेलं खाऊ नये, हा कुराणातला निषेध बरेच मुस्लिम प्रसादालाही लागू मानतात. काही जण आनंदाने घेतातही, पण ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.

घोळ होतो तो नैवेद्याच्या ताटापाशी. पुष्कळ घरांत त्यातला वरण-भात नंतर पातेल्यात परत मिसळतात. मग अख्खा स्वयंपाकच प्रसाद होतो. तसं करू नका, ते ताट घरच्यांनी संपवावं. शिरा पूजेपुढे ठेवणार असाल तर जेवणातलं गोड वेगळं करा, खीर किंवा श्रीखंड. श्रीखंड विकतचं असेल तर डब्यावर जिलेटिन (प्राण्यांपासून बनतं) नाही ना, तेवढं वाचून घ्या.

प्रतिसाद २
ख्रिस्ती पाहुण्यांबद्दल: बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 10व्या अध्यायात पौल सांगतो की कुणी जेवायला बोलावलं तर पुढे येईल ते चौकशी न करता खावं, पण हे अर्पण केलेलं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नये. म्हणून काही यजमान गुपचूप वाढून मोकळे होतात. हे मला अजिबात पटत नाही. पाहुणा तुमच्या शब्दावर विश्वासून ताटावर बसलेला असतो. "हा पूजेचा प्रसाद आहे, चालेल का?" एवढं हळू आवाजात, शिरा हातावर ठेवण्याआधी विचारा.

प्रतिसाद ३
जैन कुटुंबाचं सगळ्यात आधी बघा. चौविहार पाळत असतील तर सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेणार नाहीत, म्हणजे तुमच्या वेळेला ते उपाशीच परत जाणार. पूजा दुपारी घ्या किंवा त्यांची पानं आधी मांडा. कांदा, लसूण, बटाटा, गाजर नको. ओलं आलंही नको, सुंठ चालते. पंचामृतात मध असतो, तोही वर्ज्य. आणि सहसा निसटतं ते द्विदळ: न तापवलेल्या दह्याताकात डाळीचा पदार्थ. म्हणजे दहीवडा, बुंदीचं रायतं बाद.

सूर्यास्ताबरोबर मगरिबच्या नमाजाची वेळही सुरू होते आणि ती फार लांबत नाही. आरती त्याच्या आधी उरका किंवा अर्ध्या तासाने घ्या. देव-फोटो नसलेली खोली, धुतलेली चादर आणि वुजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायला, मोकळी मोरी एवढं पुरतं.

मूळ प्रश्नकर्ता
वेळ बदलतो, दुपारी 3 ला पूजा. कुंकवाचं राहिलं.

प्रतिसाद १
करंडा पुढे धरा, थेट कपाळाकडे बोट नेऊ नका. हात पुढे आला नाही तर लगेच फूल द्या, अत्तर-गुलाबपाणी सगळ्यांनाच द्या. आरतीचं तबकही फिरवू नका, एका जागी ठेवा, ज्याला घ्यायची तो जाऊन घेईल.

प्रतिसाद २
आणि आग्रह आवरा. 'अतिथिदेवो भव' सगळ्यांना पाठ असतं, पण तैत्तिरीय उपनिषदात त्याच अनुवाकात (प्रकरणात) पुढे 'ह्रिया देयम्, संविदा देयम्' आहे: संकोचाने द्यावं, समजून द्यावं. "एक घास तरी, देवाचा आहे" हे वाक्य त्या दिवशी घरातल्या कुणाच्याही तोंडून येऊ नये. आजी-आजोबांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.