सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकच माणूस गोंधळ घालतो, काय करायचं?

आमच्याकडे एक काका आहेत, सेक्रेटरीने मागचं इतिवृत्त वाचायला घेतलं की लगेच उठून "आधी लीकेजचं बोला" आणि मग पाऊण तास तेच, परवा तर रजिस्टरच ओढून घेतलं, लोक चहा पिऊन घरी. काढून टाकता येतं का असल्या मेंबरला?

> काढणं सोपं नाही हो. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम ३५, हजर सभासदांपैकी तीन चतुर्थांश मतं लागतात, वर सहकारी संस्थांच्या रजिस्ट्रारची मंजुरी.

> अध्यक्ष काय करतात? अजेंड्यावरचे विषय आधी, बाकीचं शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने", प्रत्येकी तीन मिनिटं, आणि गोंधळ घातला तर नावासकट इतिवृत्तात लिहा.

> बाकी लीकेज खरंच आहे का? आमच्या काकांचं होतं, प्लंबर आला आणि काका गप्प 😄