दुःख आणि पाप यांचा हिशेब

आजारपण हे पापाचे फळ असते, असे ख्रिस्ती धर्म मानतो, हे विधान अर्धेच खरे आहे. मानवी दुःखाचे मूळ आदामाच्या पतनात, म्हणजे पहिल्या मानवाने देवाची आज्ञा मोडण्यात, आहे असे चर्च शिकवते, हे मान्य. परंतु त्यावरून अमुक माणसाचा आजार म्हणजे त्याच्या अमुक पापाची शिक्षा, असा हिशेब मांडता येत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या (येशूचे जीवन सांगणाऱ्या बायबलमधील पुस्तकाच्या) ९व्या अध्यायात, जन्मांध माणसाकडे पाहून ‘पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी?’ असे शिष्य विचारतात, तेव्हा येशू दोन्ही पर्याय नाकारतो. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले १८ जण इतरांहून अधिक पापी नव्हते, असेही तो लूकच्या शुभवर्तमानात सांगतो. मात्र त्याच योहानात, ३८ वर्षे आजारी असलेल्याला बरे केल्यावर ‘यापुढे पाप करू नकोस’ अशी ताकीद आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

आरोग्यदान म्हणजे केवळ रोगमुक्ती नव्हे. प्रेषित पौलाने ‘शरीरातील काटा’, म्हणजे त्याला छळणारी पीडा, जावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा मिळाली. कॅथलिक परंपरेत पवित्र तेल लावण्याचा संस्कार दीर्घकाळ मरणशय्येशी जोडला गेला होता; १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी सुधारित विधी मंजूर केल्यावर तो पुन्हा गंभीर आजाऱ्यांचा संस्कार झाला. ‘श्रद्धा कमी पडली म्हणून बरा झाला नाहीस’ असे रुग्णाला सुनावणारे प्रार्थनासभांतील काही उपदेशक, माझ्या मते, बायबलमधील ईयोबाच्या मित्रांचीच चूक करतात; निर्दोष ईयोबावर संकटे आली, तेव्हा दोष त्याचाच, असे ते त्याला सुनावत होते.