हॅरी पॉटरमधल्या तारखा मोजणाऱ्यांना पुस्तक कळलेलं नसतं?

पानाआड
काल इथे कुणीतरी लिहून गेलं, "मुलांच्या पुस्तकात तारीख-वार शोधणाऱ्यांना त्यातली जादू कळलेलीच नाही." ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितेय.

तारखा शोधायला मी गेले नव्हते, त्या लेखिकेनेच दिल्यात. दुसऱ्या भागात निक नावाच्या भुताच्या पाचशेव्या मृत्युदिनाच्या केकवर ३१ ऑक्टोबर १४९२ आहे, म्हणजे ते साल १९९२. सातव्या भागात हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यावर ३१ ऑक्टोबर १९८१. दोन्ही एकमेकांशी चोख बसतात. मग आईवडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, ज्या मंगळवारी पहिला भाग सुरू होतो, तो कुठला? १ नोव्हेंबर १९८१ ला रविवार होता! आईवडील गेले त्या रात्रीपासून शाळेचा राखणदार हॅग्रिड बाळ हॅरीला मावशीच्या घरी घेऊन येतो तोपर्यंतचा अख्खा दिवस बाळ होतं कुठे? चौथ्या भागात, १९९४ च्या उन्हाळ्यात, हॅरीचा मावसभाऊ डडली प्लेस्टेशन हा व्हिडिओ गेम खिडकीबाहेर फेकतो. युरोपात ते विकायला आलं सप्टेंबर १९९५ मध्ये. पहिल्या भागाच्या पुठ्ठ्याला मी दोनदा चिकटपट्टी लावलीय. मला पुस्तक कळलं नाही असं कुणी म्हणू नये.

रातकिडा
ते वाक्य माझं, आणि मी ते मागे घेणार नाही. माझ्या भाच्याला मी पहिला भाग रोज रात्री वाचून दाखवायचो. एका मोठ्या मुलाने त्याला बसवून सगळ्या चुकांचा पाढा वाचला. पोरगा दुसऱ्या रात्री म्हणाला, "मामा, हे सगळं खोटंच आहे ना?" त्यानंतर त्याने पुस्तक उघडलं नाही. तुमचा रविवार बरोबर असेल, पण त्याची किंमत मी पाहिलीय.

उंबरठा
दोघंही लेखिकेबद्दलच बोलताय. संपादन करणाऱ्यांचं काय? मी पंधरा वर्षं मुद्रितशोधन केलंय. चौथ्या भागात खलनायकाच्या जादूच्या कांडीतून, तिने मारलेल्यांच्या सावल्या उलट्या क्रमाने बाहेर येतात, तिथे पहिल्या आवृत्त्यांत आधी हॅरीचा बाप, मग आई आली होती. दोघांत नंतरचा खून आईचा, म्हणजे आधी तीच यायला हवी. नंतर ते दुरुस्त झालं. म्हणजे करायचं ठरवलं की होतं! पण मार्कस फ्लिंट हा विद्यार्थी सात वर्षांच्या शाळेत पहिल्या भागात सहाव्या वर्षाला आणि तिसऱ्या भागात अजून शाळेतच, तर म्हणे तो एक वर्ष नापास झाला. हे पुस्तकाबाहेर सांगायचं? आमच्याकडे एका पानावर तारीख चुकली की लेखक आम्हाला झापायचे. छापून आलं त्याची जबाबदारी छापणाऱ्यांनी घ्यावी.

चकोर
मंगळवार, प्लेस्टेशन सगळं सोडा. खरी गडबड तिसऱ्या भागातल्या चंद्राची आहे. बकबीक या जादुई प्राण्याच्या शिक्षेविरुद्धच्या अपिलाची तारीख सहा, महिना जूनचा, त्याच दिवशी परीक्षा संपते आणि त्याच रात्री पौर्णिमा, दर पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या लुपिन या शिक्षकाचा लांडगा होतो. १९९४ मध्ये त्याआधीची पौर्णिमा २५ मे ला झाली, त्या दिवशी खंडग्रास चंद्रग्रहणही होतं. पुढची २३ जूनला. ६ जूनला अमावस्या तीन दिवसांवर आली होती.

रातकिडा
झालं! आता पंचांगही आणा. तिसऱ्या भागात साल कुठे लिहिलंय? ते तुम्ही केकवरून काढलंत. गोष्टीतला चंद्र गोष्टीसाठी उगवतो.

पानाआड
थडग्यावर १९८१ कोरलंय ते आम्ही कोरलं का? उगाच अंगावर येऊ नका.

चकोर
साल सोडून देऊ, तरी जुळत नाही. नाताळच्या जेवणाला लुपिन येत नाही, मुख्याध्यापक डंबलडोर सांगतो की तो पुन्हा आजारी आहे. म्हणजे पौर्णिमा २५ डिसेंबरच्या आसपास. तिथून साडेएकोणतीस दिवसांच्या उड्या मारा: सहावी उडी २० जूनला पडते, पाचवी २१-२२ मेच्या सुमाराला. ६ जून बरोब्बर मधोमध, म्हणजे अमावस्या. आजार दोन-चार दिवस आधी सुरू झाला असं धरलं तरी दोन आठवड्यांची तफावत भरून निघत नाही.

आणि हे मी चुका काढायला मोजलं नव्हतं. बारावीत असताना धाकटी बहीण चार महिने अंथरुणाला खिळून होती. तिला लुपिन फार आवडायचा, दर महिन्याला आजारी पडणारा माणूस म्हणून. तिनेच वहीत पौर्णिमा मांडायला घेतल्या, त्याला पुढचा त्रास कधी होणार ते बघायला. जमेना तेव्हा रडली. वाचणं मात्र सोडलं नाही.

उंबरठा
एका संपादकाने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं असतं तर... असो. बहीण बरी आहे ना आता?

चकोर
हो, ठणठणीत. वही अजून तिच्याकडेच आहे.

रातकिडा
नाताळचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. आत्ता पुस्तक काढून पाहिलं, आहे तसंच. चंद्राचं मान्य, आणि "जादू कळलेलीच नाही" हे तुमच्या बहिणीला लागू होत नाही, तेवढं मागे घेतो.

मंगळवारचं मात्र अजिबात मान्य नाही. ती सुरुवात उभीच आहे एका रटाळ कामाच्या दिवसावर. हॅरीच्या मावशीचा नवरा डर्स्ली टाय बांधून ऑफिसला निघतो, वाटेत त्याला झग्यातली माणसं दिसतात. रविवारी तो घरातून हललाच नसता. तिथे वार बरोबर आहे, चुकलं असेल तर थडग्यावरचं साल.

पानाआड
साल चुकलं म्हणता? मग केकचं काय करायचं? थांबा, दुसरा भाग घेऊन येते.